कळसाची खूण

"सरस उकळू देऊ नको गं! उकळला की मेला तो!" मालक अंगणातून ओरडले.

"लग्न होऊन आले तवापासनं सरसच ढवळतीय मी. तुमी तुमच्या फळ्या बघा," मी चुलीपुढून तेवढ्याच जोरात सांगितलं.

ओट्यावर चौगुले अण्णा पानाला चुना लावत बसले होते, ते गालात हसले. शेजारी सखाराम गुरव नाकाला उपरणं लावून बसला होता, कारण सरसाचा वास काही चाफ्याचा नसतो. जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा तो डिंक. आदल्या रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या पातेल्यात त्याचा डबा बसवून मंद आचेवर तापवायचा. गरम आहे तोवर काकवीसारखा वाहतो, आणि गार व्हायला लागला की धरतो. तेवढ्यात फळ्या जुळवून, ठोकून, शिकंज्यात आवळून मोकळं व्हायचं. चुकून भलतीच फळी भलत्या जागी बसली तर सोडवायला वरून उकळतं पाणी ओतावं लागतं, आणि मग लाकूड फुगून वाकडं झालंच म्हणून समजा.

"वहिनी, देवीच्या दाराला कातड्याचा सरस चालतोय व्हय?" गुरवानं विचारलं.

"देवीला बोकड चालतोय, सखारामभाऊ. मग त्याच्या कातड्यानं काय घोडं मारलंय?"

अण्णांना पानाचा ठसका लागला. मालक मात्र हसले नाहीत. भिंतीला उन्हात टेकवून ठेवलेल्या फळ्यांवरून ते हात फिरवत होते. फळ्या तापलेल्या असल्या की सरस लवकर गार होत नाही, म्हणून त्या सकाळपासून उन्हाला लावलेल्या होत्या. एकेक फळी तापली का ते बघत असतील, असं मला वाटलं.

दार होतं भावकाईचं. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत तिची राई आहे. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. त्या वर्षी वाऱ्यानं राईतला जुना फणस आपणहून आडवा झाला. गुरवानं कौल लावला, देवीनं उजवा दिला, आणि ठरलं की ह्याच फणसाचं गाभाऱ्याला दार करायचं. अण्णा देवस्थानचे पंच. त्यांच्या मनातून हे काम शहरातल्या मशीनवाल्याला द्यायचं होतं. पण राईचं लाकूड गावची शीव ओलांडत नाही, हा पहिल्यापासूनचा रिवाज. आणि गावात सुतारकामाचं मेट एकच, आमचं. म्हणजे काम आमच्याकडं आलं ते नाइलाजानं. अण्णा ते लपवतही नव्हते. रोज सकाळी येऊन ओट्यावर बसायचे, पोलिसासारखे.

"मिस्त्री, ह्या फणसाला जोड न्हाई," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "दोन झडपांपुरत्याच फळ्या निघाल्यात. एक जरी नासली तरी दुसरी आणायची कुठनं? दार बिघडलं तर गावात तुमच्याकडं पोळपाट करायला पण कोण येणार न्हाई. आधीच सांगतो."

मालक म्हणाले होते, "व्हय." बस्स, तेवढंच. केरबा मिस्त्री म्हणजे मुळातच कमी बोलणारा माणूस. पण गेलं वर्षभर तर त्यांनी कमालच केली होती. माझ्याकडं बघून बोलायचंच सोडलं होतं. मी समोर उभी असले तरी ह्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं, लिंबाच्या झाडाकडं. पुढ्यात चहा ठेवला तर घ्यायला वेळ लावायचे, हात उगाच इकडं तिकडं, जसा काही माझ्या हातचा चहा कडू झाला होता. दावणीच्या शेळीला अडखळायचे, सरपणाला अडखळायचे. "डोळे फुटलेत काय तुमचे!" मी म्हणायची. दिवसातून दहादा म्हणायची. ते तसेच पुढं जायचे.

आणि त्यात ते कोल्हापूर! "बिजागऱ्या बघून येतो" म्हणून जायचे आणि हात हलवत परत यायचे. एकदा झालं, दोनदा झालं. बिजागरी काय सोन्याची असते, की मिळू नये? माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आमची एकुलती एक लेक शेवंता, तिचं लग्न होऊन ती गारगोटीला गेलेली. घरात आम्ही दोघंच. अशा वेळी घरातला माणूस तुमच्याकडं बघायचा बंद झाला आणि शहराकडं त्याच्या खेपा वाढल्या, तर बाईनं काय समजायचं? मी जे समजायचं तेच समजले. कुणाला सांगणार? भाकरी थापता थापता रडायची आणि कुणी आलं की धुराचं नाव सांगायची.

काम मात्र आम्ही जोडीनंच करत होतो. हाताखालचा गडी मुंबईला पळाल्यापासून फळीचं दुसरं टोक धरायला मीच होते. रंधा मारायला शिकले, करवत ओढायला शिकले. ह्या वर्षात तर मोजमाप करून रेघा मारायचं कामही हळूहळू माझ्याकडं आलं होतं. "तुझा हात सरळ हाय," ते म्हणायचे. मला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटायचं.

आता खुणेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दाराचं एक झडप म्हणजे चार फळ्या, एकमेकींना काठाशी चिकटवलेल्या. काठात बारक्या लाकडी खुंट्या असतात, आणि ह्या फळीच्या खुंट्या तिच्या शेजारणीच्याच भोकात बसतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. शिवाय एका फळीचा गाभा वर असेल तर दुसरीचा खाली ठेवायचा, म्हणजे पुढं दार पन्हाळीसारखं वाकत नाही. हे सगळं आधी सरस न लावता जुळवून बघायचं. जुळलं की चारी फळ्यांवरून मिळून एक मोठा त्रिकोण काढायचा, टोक वर. त्याला आम्ही कळस म्हणायचो. नंतर फळ्या कशाही विसकटल्या तरी कळस पुन्हा पुरा झाला, की फळ्या आपापल्या जागी आल्या. मालकांच्या वडलांपासूनची ती खूण, आणि ती कायम पेन्सिलीनं काढायची.

पण वर्षभरापासून मालक ती पटाशीनं कापायला लागले होते. बारीक खाच, नखात येईल एवढी. मी विचारलं तर म्हणाले, "पेन्सिल पुसली जाती." आजवर कधी पुसली नव्हती ती! पण म्हटलं, असेल म्हाताऱ्याचा छंद.

पहिलं झडप दोन दिवसांपूर्वी जोडून झालं होतं. अण्णांनी त्यावर वाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "देवीच्या दारावर हे ओरखडे कसले? उंदीर फिरलं काय?"

"रंध्याखाली जातील," मालक म्हणाले.

ते खरंच होतं, पण अण्णांचं बोलणं मला लागलं. दुसऱ्या झडपाच्या फळ्यांवरही तसलेच ओरखडे. आदल्या दिवशी दुपारी मालक शिकंज्याचे आटे सैल करून घ्यायला लोहाराकडं गेले, तेव्हा मी रंधा घेतला आणि प्रत्येक फळीवरून हलकेच फिरवला. खाचा गेल्या. मग फळ्या मांडून लाल पेन्सिलीनं कळस काढला, अगदी जिथल्या तिथं, रस्त्यावरून दिसेल असा ठसठशीत. म्हटलं, आता बोला अण्णा. मालकांना मी सांगणार होते. पण ते आले, लिंबाकडं बघत जेवले आणि आडवे झाले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मरू दे, ह्या माणसाशी बोलायचंच कशाला.

तर त्या दिवशी सरस तयार झाला. मी डबा घेऊन अंगणात आले. खाली दोन ओंडक्यांवर शिकंजे मांडून ठेवले होते. मालकांनी पहिली फळी उचलून त्यावर ठेवली, ती काठावरची, सगळ्यांत रुंद, तिच्यात चुकायला काही नव्हतं. मी कुंचल्यानं तिच्या काठाला सरस लावला, भिंतीपाशी जाऊन बाकीच्या फळ्यांच्या काठांना लावला, त्यांच्या भोकांत लावला. वाफा निघत होत्या. आता घाई.

मालकांनी एक फळी घेतली. तिच्या वरच्या टोकाशी बोटं फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. फळी उलटी केली, दुसऱ्या टोकाशी बोटं नेली. मग ती ठेवून दुसरी घेतली. तिच्यावर तळवा फिरवला, सावकाश, लहान पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझा लाल कळस त्यांच्या तळव्याखाली होता. बोटांच्या मधून मला तो दिसत होता.

"खूण कुठाय?" ते म्हणाले. एकदम हळू आवाजात.

"ही काय..." मी बोलायला लागले आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली होती. मी हातभर अंतरावर होते, आणि ते बघत होते माझ्या पाठीमागच्या कुडाकडं. कपाळावर घाम होता. केरबा मिस्त्री कधी कामाला भ्यालेला मी बघितला नव्हता, आणि आता ते तीच फळी पुन्हा पुन्हा चाचपत होते.

चहा, शेळी, सरपण, लिंबाचं झाड, पटाशीच्या खाचा, माझ्या सरळ हाताचं कौतुक. सगळं एका दमात माझ्या अंगावर आलं. देवा, ह्या माणसाला दिसत नाही.

"काय झालं मिस्त्री?" अण्णांनी ओट्यावरून विचारलं. "अडलं काय?"

सरसावर साय धरायला लागली होती. मालक तसेच उभे, फळी हातात. अण्णा पायात वहाणा घालून उठायला लागले. ते जवळ आले असते तर त्यांना दिसलं असतं, जे मला दिसलं तेच. आणि अण्णांना कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला, आणि बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीला.

मी पदर कमरेला खोचला.

"अडतंय काय!" मी असा आवाज लावला की शेळी दचकली. "रोजचंच हाय ह्यांचं. सांगितल्याबिगर एक काम धड होईल तर शपथ! ती न्हाई, ती न्हाई! ठेवा ती खाली. डाव्या हाताची घ्या. अजून डावीकडं. हां. आता पालथी करा. पालथी म्हटलं की मी! डोकं माझ्याकडं."

मालक क्षणभर थिजले. आयुष्यात मी त्यांना असं चार लोकांत बोलले नव्हते. घरात काय बोलायचं ते बोलायची, पण लोकांसमोर त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. मग त्यांची मान जराशी हलली. त्यांना कळलं, की मला कळलं.

त्यांनी फळी पालथी केली. डोकं माझ्याकडं केलं.

"आता खाली आणा. सरळ. खुंट्या भोकावर आल्यात. दाबा!"

फळी बसली. अण्णा अर्धे उठलेले पुन्हा खाली टेकले आणि मांडीवर थाप मारून हसले. "मिस्त्री, मुकादम बदलला वाटतं तुमच्या कारखान्यात!"

"घरचं सरकार हाय ते," गुरव म्हणाला. "त्याच्याफुडं कुणाचं चालतंय?"

मी मालकांकडं बघितलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. हा माणूस स्वाभिमानी, कुणाची एक सुपारी फुकट खायचा नाही. मला वाटलं, आता फळी टाकून उठतात. पण ते हसले. ओढूनताणून का होईना, हसले.

"सरकार म्हणंल तसं," ते म्हणाले.

"बोलत काय बसलाय? तिसरी घ्या! उजवीकडची, मोठ्या गाठीची!" गाठ म्हटलं की त्यांच्या बोटांना सापडणार होती. सापडली. "तशीच. उलटी करू नका. आणा."

तिसरी बसली, चौथी बसली. कळस पुरा झाला, लाल, ठसठशीत. मी म्हटलं, "जुळलं." त्यांनी लाकडी हातोडा घेतला, मी काठाला धरायची पट्टी धरली, आणि खुंट्या भोकांत उतरल्याचा बसका आवाज आला. मग शिकंजे. एक खालून, एक वरून, असे आळीपाळीनं, म्हणजे झडप एका अंगाला उचलत नाही. त्यावर आडव्या पट्ट्या, पट्टी चिकटू नये म्हणून मध्ये रद्दीचा कागद.

शिकंजा आवळताना ओल्या सरसावर फळ्या सरकतात, एखादी केसभर वर चढते. मी वाकून बघितलं, मला सगळं सपाट दिसत होतं. मालकांनी अंगठ्याचं नख सांध्यावरून आडवं ओढलं. मधेच थांबले.

"हितं चढलीय. तिसरी."

"मला तर दिसत न्हाई," मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली.

"हाय म्हणतो न्हवं. ठोक हितं. हळू."

मी ठोकलं. त्यांनी पुन्हा नख ओढलं. "अजून एकदा." ठोकलं. ह्या वेळी नख सांध्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडता गेलं. त्यांनी शिकंज्याला शेवटचा पीळ दिला आणि ओल्या फडक्यानं बाहेर आलेला सरस पुसला. एक थेंब राहिला नाही.

अण्णा उठून आले, झडपावर वाकले. खालून बघितलं, वरून बघितलं. "झ्याक," ते म्हणाले. आमच्याकडून त्यांना पहिल्यांदाच काही झ्याक वाटलं होतं. "पण वहिनी, जरा दमानं घ्या गड्याला. नवरा हाय तुमचा, बैल न्हवं."

"बैलाला एवढं सांगावं लागत न्हाई, अण्णा," मी म्हटलं. हसत हसत ते दोघं गेले.

मी फाटक लावलं आणि तिथंच बसले. मालक झडपाशेजारी ओंडक्यावर बसून होते. सरसाचं पातेलं चुलीवर तसंच राहिलं होतं, पाणी आटून त्यात सांडलेला सरस करपल्याचा वास घरभर सुटला होता. मला उठवेना.

"किती दिसतंय?" मी शेवटी विचारलं.

"उजेड कळतोय. सावली हलली तर कळती. रेघ न्हाई दिसत. मधी एक पडदा आल्यागत झालंय, रोज जरासा जाड हुतोय."

"आणि कोल्हापूर?"

"डोळ्याच्या दवाखान्यात जात हुतो. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, शीर वाळलीया आतली. ह्याला आता इलाज न्हाई." ते थांबले. "तुला काय वाटलं?"

मला जे वाटलं होतं ते मी सांगितलं. अगदी खरं खरं. तर हा माणूस हसायला लागला. डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसला. "अगं, मला बाई दिसती कुठं वाट चुकायला!"

मी रडत होते आणि ते हसत होते, मग मीही हसले.

"मला तरी सांगायचं हुतं," मी म्हटलं. "मी रोज तुमाला डोळे फुटले म्हणतीय. एकदा तरी गप बस म्हणायचं हुतं."

"तू रडली असतीस. तुझं रडणं चावडीपतोर ऐकू जातंय." मग ते गंभीर झाले. "सुतार आंधळा म्हटल्यावर कोण दारात येणार, अनसा? हात चांगलं हायत माझं. पर लोक हात बघत न्हाईत. उद्या हे दार देवळात बसंल. आंधळ्यानं केलंय म्हटलं की जो येईल तो देवीचं दर्शन सोडून सांधं शोधत बसंल. दार वाकडं नसलं तरी वाकडं दिसंल त्यास्नी. एक वचन दे. मी हाय तोवर न्हाई, आणि मी गेल्यावर बी कुणाला सांगू नको. शेवंताला बी न्हाई. ती रडत येईल आणि मला गारगोटीला उचलून घेऊन जाईल."

मी त्यांचा हात घेतला. फणसाच्या लाकडानं तो पिवळा झाला होता, सरसानं चिकट. "दिलं," मी म्हटलं.

दसऱ्याला दार गाभाऱ्याला बसलं. आणि त्या दिवसापासून मी गावची तोंडाळ बाई झाले. गिऱ्हाईक समोर असलं की मी सुरू: डावीकडचं घ्या, ती पटाशी न्हवं, अर्धी खाली ठेवा, पाय उचला पुढं शेळी हाय. दिवसभर तोंडाचा पट्टा. एकटे असलो की आम्ही दोघं कितीतरी वेळ अक्षर न बोलता काम करायचो, कारण सगळ्या खुणा त्यांच्या बोटाला कळतील अशा मीच कापून ठेवायची. पण कुणाची चाहूल लागली की लगेच माझा आवाज चढायचा. गावात म्हण पडली, "मिस्त्रीणबाई म्हणतील तिकडं सूर्य." बायका नळावर कुजबुजायच्या. नव्या सुनांना माझं उदाहरण द्यायच्या, असं वागू नये म्हणून. काही पुरुष मालकांना ताटाखालचं मांजर म्हणायचे, तेही त्यांच्या तोंडावर. ते "सरकार म्हणंल तसं" म्हणून हसायचे. कामं मात्र येत राहिली. अण्णांच्या नातीच्या लग्नातला चौरंगसुद्धा आमच्याच हातचा. डोळ्यांतला उजेड पुढं पुरता गेला, तरी हात थांबला नाही.

शेवंता माहेरी आली की पहिले दोन दिवस बघायची आणि तिसऱ्या दिवशी भांडायची. "आई, आबांना किती टोचून बोलतेस गं! लोकं हसतात." मी म्हणायची, "तुझा बाप ऐकत न्हाई, मी काय करू?" ती रागानं एक दिवस आधीच निघून जायची. मालक रात्री म्हणायचे, "सांगू या काय तिला?" मी म्हणायची, "गप झोपा." वचन मी दिलं होतं, आणि आता ते मोडायची इच्छा त्यांचीच व्हायला लागली होती. पण मी हटून बसले. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या त्या फुकट घालवायच्या होत्या काय?

मालक गेले ते कामातच, हातात काचपेपर. ओट्यावर बसल्या जागी मान टाकली. मी हाक मारली तर पहिल्यांदाच ऐकलं नाही.

दिवसकार्याला गाव लोटला. अण्णा काठी टेकत आले, आता तेही थकले होते. पंगतीत बसल्यावर चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "केरबा म्हंजे देवमाणूस. गाभाऱ्याचं दार बघा, आज बी सांधा सापडत न्हाई. आणि सोशीक किती! वहिनींच्या धाकात जन्म काढला, पर कधी हूं का चूं केलं न्हाई."

लोक खाली मान घालून हसले. मी भात वाढत होते. मी म्हटलं, "व्हय अण्णा. लई सोसलं त्यांनी माझं." आणि पुढच्या पानावर गेले.

पुरुषांच्या पंगती उठल्यावर शेवंता मेटात जाऊन बसली. बापाची हत्यारं पुसून ठेवत होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. मी दारात उभी राहिले तर मान वर न करता म्हणाली, "शेवटी शेवटी तरी दोन शब्द गोड बोलायचं होतंस, आई. दुसरं काय मागितलं होतं त्यांनी तुझ्याकडं?"

मी चौकटीला धरून उभी राहिले. ओरडून सांगावंसं वाटत होतं. तोंडात शब्द आला होता, पण मालकांचा तो पिवळा, चिकट हात आठवला.

ती पटाशी पुसत होती. पुसता पुसता थांबली. मुठीवरून अंगठा फिरवला. ती ठेवून दुसरी घेतली. तिच्या मुठीवर दोन खाचा, तिसरीवर तीन. रंध्याच्या पाठीवर आडवी खाच. करवतीच्या मुठीवर फुली. मोजपट्टी उचलली, तिच्यावर आकडे पुसून गेलेले, आणि इंचा-इंचाला पटाशीनं कापलेल्या रेघा, नखात येतील एवढ्या.

"आई, हे काय गं? सगळ्यांवरच?"

"खुणा असतात सुताराच्या."

तिनं मोजपट्टी मांडीवर घेतली. बोट एका टोकाला ठेवलं आणि सावकाश पुढं नेत राहिली, एका खाचेवरून दुसऱ्या खाचेवर. अर्ध्यात पोचल्यावर तिनं डोळे मिटले. तशीच डोळे मिटून शेवटच्या खाचेपर्यंत गेली. मग पटाश्या चाचपून त्यातली दोन खाचांची उचलली, बरोब्बर तीच. तिचा हात थांबला. डोळे उघडून तिनं माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन गेल्यापासून माझ्याकडं असं बघितलंच नव्हतं तिनं.

"आई," ती म्हणाली. "आई गं, किती वर्षं?"

मी पदरानं तोंड पुसलं. ओसरीवर अजून माणसं बसलेली होती, अण्णांची काठी दिसत होती.

"हळू बोल," मी म्हटलं. "आणि चुलीकडं बघ जा. बायकांच्या पंगतीचा भात लागंल."